छायाचित्रण फिल्मचे अंकीकरण

छायाचित्रण फिल्मवरील प्रतिमेचे बिंदुशः मापन करून ती संगणकात साठविता येईल अशा अंकांच्या स्वरूपात उतरविण्याच्या क्रियेला फिल्मचे अंकीकरण म्हणतात. यासाठी वापरण्यात येणारे उपकरण म्हणजे क्रमवीक्षक. व्यवहारात ते स्कॅनर या नावानेच ओळखले जाते. फिल्ममधून प्रकाश पाठवून तो प्रत्येक बिंदूपाशी किती प्रमाणात पलीकडे येतो हे स्कॅनर मोजतो. हे मापन वरकरणी यांत्रिक वाटले, तरी ते करण्यापूर्वी अनेक गोष्टी ठरवाव्या लागतात. मापनाचे बिंदू एकमेकांपासून किती अंतरावर असावेत, प्रत्येक मापन किती पायऱ्यांत नोंदवावे, फिल्मच्या अतिशय काळ्या भागातील तपशील कोठवर टिपावा, रंग कोणत्या संदर्भाने लिहावेत आणि धूळ व ओरखडे जागीच पुसावेत किंवा कसे, हे त्यांपैकी प्रमुख प्रश्न होत. या निवडींनाच व्यवहारात स्कॅनरची सेटिंग म्हणतात.

फिल्म नाशवंत असल्यामुळे या निवडींना विशेष महत्त्व आहे. तिचा आधार कुजतो, रंजक फिके पडतात आणि कालांतराने अंकीय प्रत हाच तिचा एकमेव अवशेष उरण्याचा संभव असतो. अंकीकरणाच्या वेळी जे टिपले गेले नाही ते नंतर कोणत्याही उपायाने परत मिळत नाही. याउलट जे टिपले गेले त्यावर पुढे हवे ते संस्कार करता येतात. अपरिवर्तनीय व परिवर्तनीय निवडींमधील हा भेद आज सर्वमान्य असला, तरी तो स्पष्ट होण्यास बराच काळ लागला. फिल्मच्या अंकीकरणाचा इतिहास हा बव्हंशी या भेदाच्या जाणिवेचा इतिहास आहे.

पूर्वपीठिका : प्रतिमेचे क्रमाने वीक्षण करण्याची कल्पना संगणकापेक्षा पुष्कळ जुनी आहे. स्कॉटिश संशोधक ॲलेग्झांडर बेन यांनी १८४३ मध्ये तारायंत्राने चित्र पाठविण्याच्या पद्धतीचे एकस्व घेतले. इटलीतील जोव्हान्नी कासेल्ली यांच्या यंत्राच्या साहाय्याने १८६५ मध्ये पॅरिस व लिआँ या शहरांच्या दरम्यान हस्ताक्षरे व रेखाचित्रे पाठविण्याची सेवा सुरू झाली. या यंत्रांना रेषा आहे किंवा नाही एवढेच ओळखता येत असे. छायाचित्रातील काळ्या-पांढऱ्यांमधील छटा पाठविण्यासाठी प्रकाशानुसार विद्युत् रोध बदलणाऱ्या सिलिनियम धातुसदृशाचा उपयोग जर्मन भौतिकीविज्ञ आर्टुर कोर्न यांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभी यशस्वी रीत्या केला.

छटा किती पायऱ्यांत मोजाव्यात हा प्रश्न १९२० नंतरच्या दशकात बार्टलेन पद्धतीत प्रथम ठळकपणे पुढे आला. या पद्धतीने लंडन व न्यूयॉर्क यांच्या दरम्यान समुद्री तारेतून वृत्तपत्रीय छायाचित्रे पाठविण्यात येत. बोटीने जाण्यास आठवड्याहून अधिक काळ लागणारे चित्र तिच्यामुळे तीन तासांच्या आत पोहोचू लागले. प्रारंभी या पद्धतीत काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत केवळ ५ पायऱ्या होत्या. १९२९ मध्ये त्या १५ करण्यात आल्या. पायऱ्या अपुऱ्या असल्या की चेहऱ्यावरील छायेचा सलग उतार तुटून त्याचे पट्टे दिसू लागतात. हा दोष पुढे संगणकीय चित्रांतही आढळून आला.

फिल्ममधील छटांच्या मापनाचा शास्त्रीय पाया मात्र याआधीच घातला गेला होता. फर्डिनंड हुर्टर व व्हेरो चार्ल्स ड्रिफील्ड यांनी १८९० मध्ये इंग्लंडमध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात छायाचित्रणीय घनतेची संकल्पना मांडली. फिल्मवर पडलेला प्रकाश व तिच्यातून पार गेलेला प्रकाश यांच्या गुणोत्तराचा लॉगरिथम म्हणजे घनता होय. एक दशांश प्रकाश पार झाल्यास घनता १, एक शतांश झाल्यास २ व एक सहस्रांश झाल्यास ३ असते. उद्भासन व घनता यांचा संबंध दाखविणारा त्यांचा वक्र छायाचित्रणविज्ञानात मूलभूत ठरला आणि स्कॅनरची क्षमता आजही घनतेच्याच भाषेत सांगितली जाते. आंद्रे कालिए यांनी १९०९ मध्ये याला एक महत्त्वाची पुस्ती जोडली. चांदीच्या कणांची बनलेली प्रतिमा प्रकाश विखुरते. त्यामुळे एकाच दिशेने येणाऱ्या प्रकाशात तिची घनता विसरित प्रकाशातील घनतेपेक्षा जास्त भरते. एकच कृष्णधवल निगेटिव्ह दोन स्कॅनरांवर भिन्न छटाभेदाची दिसते आणि एकावर तिचे ओरखडे अधिक ठळक उमटतात, त्याचे हे एक कारण होय. [⟶ छायाचित्रण].

पहिला संगणकीय स्कॅनर : प्रतिमा प्रत्यक्ष संगणकात उतरविण्याचा मान अमेरिकेच्या नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्स या संस्थेतील रसेल कर्श व त्यांच्या सहकाऱ्यांकडे जातो. १९५७ मध्ये त्यांनी सीॲक या संगणकाला फिरत्या ढोलाचा स्कॅनर जोडला. ढोलावर लावलेले पहिले छायाचित्र कर्श यांच्या तान्ह्या मुलाचे होते. त्याची विभागणी १७६ × १७६, म्हणजे एकूण ३०,९७६ चौकोनी चित्रघटकांत करण्यात आली. हे चित्रघटक आज पिक्सेल या नावाने परिचित आहेत. त्यांची संख्या इतकी मर्यादित असण्याचे कारण संगणकाच्या स्मृतीची अल्प क्षमता हे होते.

या यंत्राला प्रत्येक बिंदू काळा की पांढरा एवढेच नोंदविता येत असे. काळ्या व पांढऱ्याची सीमा कोठे आखावी हीच त्याची एकमेव सेटिंग होती. सीमा वर नेली तर चेहऱ्याचा तपशील काळ्यात बुडे, खाली आणली तर तो पांढऱ्यात विरून जाई. यावर उपाय म्हणून एकच छायाचित्र निरनिराळ्या सीमा ठेवून अनेकदा वाचण्यात आले व त्या नोंदी एकत्र करून मधल्या छटा मिळविण्यात आल्या. एका निवडीत गमावलेला तपशील दुसऱ्या निवडीने भरून काढण्याचा हा मार्ग पुढे वेगळ्या रूपात रूढ झाला. अनेक स्कॅनर प्रत्येक बिंदू अनेक वेळा वाचून सरासरी घेतात. त्यामुळे विद्युतीय गोंगाट वाचनसंख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात कमी होतो. १६ वाचने केल्यास तो एक चतुर्थांशावर येतो. चौकोनी चित्रघटकांच्या निवडीबद्दल खुद्द कर्श यांनी उतारवयात असमाधान व्यक्त केले आणि २०१० मध्ये त्यांनी निरनिराळ्या आकारांच्या चित्रघटकांची पर्यायी पद्धत मांडली. केवळ सोयीसाठी केलेली आरंभीची निवड दीर्घकाळ कशी टिकून राहते याचे हे उदाहरण आहे.

मुद्रणव्यवसायातील ढोल स्कॅनर : संगणकाशी संबंध येण्यापूर्वीच मुद्रणक्षेत्रात रंगीत फिल्मचे वीक्षण सुरू झाले होते. ईस्टमन कोडॅक कंपनीतील ॲलेग्झांडर मरे व रिचर्ड मोर्स यांनी १९३० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात रंगविलगीकरणासाठी ढोल स्कॅनरचा आराखडा तयार केला. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीत कील येथील रूडोल्फ हेल यांच्या व इंग्लंडमध्ये क्रॉसफील्ड यांच्या कंपन्यांनी अशी यंत्रे विकसित केली. पारदर्शक ढोलावर फिल्म चिकटवून तो वेगाने फिरविला जाई. प्रकाशाचा सूक्ष्म ठिपका तिच्यातून जाऊन तीन प्रकाशगुणक नलिकांवर पडे व लाल, हिरवा आणि निळा या घटकांचे मापन होई. प्रकाशगुणक नलिका अत्यंत क्षीण प्रकाशालाही प्रतिसाद देत असल्याने पारदर्शिकेच्या, म्हणजे स्लाइडच्या, दाट छायेतील तपशीलही या यंत्रांना टिपता येई. फिल्म व ढोल यांच्यामध्ये योग्य द्रव भरल्यास आधारपट्टीवरील ओरखडे बुजत आणि फिल्म सपाट बसे.

या यंत्रावरील कारागिराचे कौशल्य मोठे असे. परंतु त्याच्या सर्व निवडी एका विशिष्ट छपाईपुरत्या असत. उदा., ३६ मिमी. रुंदीची पारदर्शिका २४० मिमी. रुंदीत छापावयाची असेल, तर चित्र ६·६७ पट मोठे होते. इंचाला १५० रेषांच्या जाळीसाठी छापील आकारात इंचाला ३०० बिंदू पुरेसे मानले जात. म्हणजे फिल्मवर इंचाला २,००० बिंदू घ्यावे लागत. कागद व शाई यांना पेलतील तेवढ्याच छटा ठेवून उरलेल्या दाबल्या जात, कडा शाईसाठी धारदार केल्या जात आणि रंग थेट मुद्रणाच्या चार शायांत रूपांतरित होत. काम संपले की मूळ पारदर्शिका परत जाई. दुसऱ्या आकारात छपाई करावयाची झाल्यास पुन्हा वीक्षण करावे लागे. मूळ फिल्म सुस्थितीत व हाताशी आहे हे या व्यवस्थेत गृहीत धरलेले होते. छपाईची गरज पाहून सेटिंग ठरविण्याची सवय यातून रुजली आणि मूळ फिल्मच धोक्यात असलेल्या संग्रहांतही ती काही काळ तशीच चालू राहिली.

सीसीडी व टेबलावरील स्कॅनर : बेल प्रयोगशाळेतील विलर्ड बॉइल व जॉर्ज स्मिथ यांनी १९६९ मध्ये शोधून काढलेल्या सीसीडी या विद्युत् भार युग्मित प्रयुक्तीमुळे स्कॅनर लहान व स्वस्त झाला. या शोधाबद्दल त्यांना २००९ मध्ये भौतिकीच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. १९८८ मध्ये निकॉन कंपनीने आपला पहिला फिल्म स्कॅनर बाजारात आणला. पुढील दशकात असे स्कॅनर छायाचित्रकारांच्या घरी पोहोचले आणि सेटिंग ठरविण्याचे काम मुद्रण-कारागिराकडून फिल्मच्या मालकाकडे आले.

सर्वसामान्य ग्राहकाला या निवडींच्या कटकटीतून सोडविण्याचा प्रयत्न कोडॅक कंपनीने फोटो सीडी या पद्धतीने केला. ती १९९० मध्ये जाहीर होऊन १९९२ मध्ये विक्रीस आली. प्रयोगशाळेतच फिल्मचे वीक्षण होई आणि तबकडीवर एकेका चित्राच्या पाच आकारमानांच्या प्रती मिळत. त्यांतील सर्वांत मोठी ३,०७२ × २,०४८ चित्रघटकांची असे. एकदाच उत्तम वीक्षण करावे व त्यापासून अनेक उपयोगांच्या प्रती काढाव्यात, ही यामागील दृष्टी महत्त्वाची होती. तथापि चित्रे साठविण्याची तिची रीत कंपनीची स्वतःची होती. कंपनीने ती सोडून दिल्यावर जुन्या तबकड्या वाचणाऱ्या आज्ञावली दुर्मिळ होत गेल्या. अंकीय प्रत कोणत्या स्वरूपात साठवावी हाही वीक्षणाच्या निवडीचाच भाग आहे, हा धडा त्यातून मिळाला. रचना जाहीर असलेल्या टिफसारख्या स्वरूपाला संग्रहालयांनी पसंती दिली, त्याचे हे एक कारण होय. जेपेग या स्वरूपात फाइल लहान होते. परंतु त्यासाठी काही तपशील कायमचा टाकून दिला जातो.

विभेदन : वीक्षणाचे विभेदन सामान्यतः इंचामागील बिंदूंच्या संख्येने सांगतात. हॅरी नायक्विस्ट (१९२८) व क्लॉड शॅनन (१९४९) यांच्या कार्यातून स्पष्ट झालेल्या तत्त्वानुसार एक काळी व एक पांढरी अशी रेषांची जोडी ओळखण्यासाठी किमान दोन बिंदू लागतात. इंचाला ४,००० बिंदू म्हणजे मिलिमीटरला सु. १५७ बिंदू, अर्थात तत्त्वतः सु. ७८ रेषाजोड्या. इंचाला २,४०० बिंदू घेतल्यास ही मर्यादा सु. ४७ वर येते. स्कॅनरचे भिंग, फिल्मचा वाक व केंद्रीकरणातील चूक यांमुळे प्रत्यक्ष विभेदन याहून कमीच भरते. म्हणून जाहिरातीतील बिंदुसंख्या व स्कॅनर खरोखर वेगळ्या ओळखू शकतो त्या रेषा यांत गल्लत करता कामा नये. फिल्म स्कॅनरांच्या खऱ्या विभेदनाच्या मापनासाठी २००४ मध्ये आयएसओ १६०६७-२ हे आंतरराष्ट्रीय मानक प्रसिद्ध झाले.

जास्तीत जास्त विभेदन हेच नेहमी श्रेयस्कर असे मात्र नाही. ३५ मिमी. फिल्मच्या २४ × ३६ मिमी. चौकटीचे इंचाला ४,००० बिंदूंनी वीक्षण केल्यास सु. २ कोटी १४ लक्ष चित्रघटक मिळतात. प्रत्येक रंगासाठी १६ बिट ठेवल्यास एका चौकटीला सु. १२·९ कोटी बाइट लागतात. ५६ मिमी. बाजू असलेल्या चौरस चौकटीला याच्या साडेतीन पटींहून अधिक जागा लागते. हात हलल्याने अस्पष्ट झालेल्या किंवा भरड कणांच्या वेगवान फिल्मवरील चित्रात एवढे बिंदू घेऊन वस्तूचा नवा तपशील मिळत नाही. याची दुसरी बाजूही आहे. बिंदूंचे अंतर कणांच्या आकाराशी जवळपास जुळले, तर कण आहेत त्याहून भरड दिसू लागतात. त्यामुळे चित्रातील तपशील थोडा असूनही फिल्मचा पोत खरा दिसावा म्हणून अधिक सूक्ष्म वीक्षण करावे लागते. फिल्मचा आकार, तिचे कण, मूळ भिंगाची गुणवत्ता व साठवणीची शक्ती यांचा मेळ घालूनच विभेदन ठरते.

घनता व बिट : मापन सरळ प्रमाणात नोंदविल्यास ८ बिटांच्या २५६ पायऱ्यांनी तत्त्वतः २·४ पर्यंतची, १२ बिटांनी ३·६ पर्यंतची व १६ बिटांनी ४·८ पर्यंतची घनताव्याप्ती मांडता येते. प्रत्यक्षात गोंगाटामुळे यापैकी बराच भाग निरुपयोगी असतो. त्यामुळे बिटांची संख्या व स्कॅनरची खरी घनताव्याप्ती एकच मानणे चुकीचे आहे. ही व्याप्ती मोजण्याची पद्धत आयएसओ २१५५० या मानकाने २००४ मध्ये घालून दिली.

पारदर्शिकेचा काळा भाग ३·५ किंवा त्याहूनही अधिक घनतेचा असू शकतो. म्हणून तिची कसोटी दाट छायेत लागते. निगेटिव्हची घनताव्याप्ती लहान असते. परंतु सम प्रत बनविताना ती ताणावी लागते. ताणताना पायऱ्यांमधील अंतरही वाढते आणि ८ बिटांची नोंद आकाशासारख्या सलग भागात पट्टे दाखवू लागते. यामुळे अंतिम चित्र ८ बिटांचे असले, तरी मूळ नोंद १६ बिटांची ठेवण्याचा प्रघात पडला. सर्वांत पांढऱ्या व सर्वांत काळ्या बिंदूंची स्वयंचलित निवड हीदेखील अशीच फसवी बाब आहे. पडद्यावर चित्र उठावदार दिसावे म्हणून यंत्र दोन्ही टोकांची थोडी छाटणी करते. ढगाच्या कडेचा किंवा काळ्या वस्त्राच्या चुणीचा तपशील त्या छाटणीत जातो आणि तो गेल्याचे पाहणाऱ्याच्या सहसा लक्षातही येत नाही.

रंग : रंगीत निगेटिव्हचा नारिंगी रंग हा दोष नसून सुधारणा आहे. रंजकांचे अनिष्ट शोषण भरून काढण्यासाठी कोडॅकमधील वेस्ली हॅन्सन यांनी १९४० नंतरच्या दशकात ही रंगीत आच्छादनाची युक्ती प्रचारात आणली. तिच्यामुळे निळा प्रकाश फिल्ममधून कमी प्रमाणात पार होतो. तीनही रंगांना सारखेच उद्भासन दिल्यास निळ्या घटकाची नोंद क्षीण व गोंगाटयुक्त होते. म्हणून स्कॅनरमध्ये सोय असेल तेथे प्रत्येक रंगाचे उद्भासन स्वतंत्रपणे ठरविणे इष्ट ठरते. ही सुधारणा नंतर आज्ञावलीने केल्यास नोंदीतील गोंगाटही वाढतो.

निरनिराळ्या यंत्रांवरील रंगांचा मेळ बसावा म्हणून १९९३ मध्ये इंटरनॅशनल कलर कन्सॉर्शियम ही संस्था स्थापन झाली आणि त्याच सुमारास आयटी ८·७/१ ही पारदर्शिकांसाठीची रंगपट्टी प्रमाणित झाली. ज्ञात रंगांच्या पट्टीचे वीक्षण करून स्कॅनरचा रंगवृत्तांत तयार करतात व तो चित्राबरोबर साठवितात. रंजकांची घडण भिन्न असल्याने एका प्रकारच्या फिल्मसाठीचा वृत्तांत दुसरीला चालत नाही. १९३५ मध्ये प्रचारात आलेल्या व २००९ मध्ये उत्पादन थांबलेल्या कोडॅक्रोमच्या पारदर्शिका इतर फिल्मसाठीच्या वृत्तांताने वाचल्यास निळसर दिसतात, हा सार्वत्रिक अनुभव आहे. फिक्या पडलेल्या फिल्मच्या बाबतीत प्रश्न आणखी गहन होतो. तिचे आजचे रूप नोंदवावे की मूळ रूप अनुमानाने पुन्हा उभे करावे? संग्रहविज्ञानाचे उत्तर असे की, प्रथम आजचे रूप विश्वसनीयपणे नोंदवावे आणि पुनर्रचना स्वतंत्र प्रतीवर करावी.

दोषनिवारण : रंगीत फिल्ममधील रंजक अवरक्त प्रकाशाला जवळजवळ पारदर्शक असतात, धूळ व ओरखडे मात्र तो अडवितात किंवा विखुरतात. त्यामुळे अवरक्त प्रकाशात घेतलेले चौथे वाचन म्हणजे केवळ दोषांचा नकाशा असतो. त्याच्या आधारे दोषांच्या जागा शेजारच्या चित्रघटकांवरून भरता येतात. अमेरिकेतील अप्लाइड सायन्स फिक्शन या कंपनीची या तत्त्वावरील डिजिटल आइस ही पद्धत अनेक स्कॅनरांत वापरली गेली. २००३ मध्ये ती कोडॅककडे गेली. पारंपरिक कृष्णधवल फिल्ममधील चांदी अवरक्त प्रकाशही अडविते. त्यामुळे तेथे ही पद्धत प्रतिमेलाच धूळ समजते व तपशील खरवडून टाकते. कोडॅक्रोमवरही तिचा परिणाम बेभरवशाचा असतो. दोषनिवारणाने भरलेली जागा ही नोंद नसून अनुमान असते, म्हणून अवरक्त वाचन वेगळे जपून ठेवणे अधिक सुरक्षित असते. कडा धारदार करणे व कण पुसणे या क्रियांनाही हाच न्याय लागू पडतो.

चित्रपटक्षेत्र : एका पूर्ण लांबीच्या चित्रपटात एक लाखाहून अधिक चौकटी असतात, म्हणून तेथे प्रत्येक बिटाचा हिशोब करावा लागला. कोडॅकने १९९० नंतरच्या प्रारंभीच्या वर्षांत सिनेऑन ही प्रणाली आणली. तिच्यात चित्रघटकाची नोंद सरळ प्रकाशमानाने न करता घनतेने, १० बिटांत केली जाई. प्रत्येक पायरी ०·००२ घनतेची असल्याने १,०२४ पायऱ्यांत सु. २·०५ एवढी व्याप्ती मावे. निगेटिव्हसाठी ती पुरेशी होती. हुर्टर व ड्रिफील्ड यांची शंभर वर्षांपूर्वीची संकल्पना अशा प्रकारे थेट संगणकाच्या फाइलीत उतरली. मुख्य म्हणजे यात छपाई किंवा पडदा यांऐवजी फिल्म हाच मापनाचा संदर्भ होता. या प्रणालीने १९३७ मधील स्नो व्हाइट अँड द सेव्हन ड्वार्फ्स या वॉल्ट डिझ्नी यांच्या चित्रपटाचे १९९३ मध्ये पुनरुज्जीवन करण्यात आले. संपूर्ण चित्रपट सु. ४,००० चित्रघटकांच्या रुंदीने अंकांत उतरवून, दोष काढून पुन्हा फिल्मवर नेण्याचा हा पहिलाच प्रयत्न होता. [⟶ चित्रपट].

भारतातील संदर्भ : फिल्म टिकेल या समजुतीला पहिला मोठा धक्का भारतातच बसला. ज्वालाग्राही नायट्रेट फिल्मऐवजी १९४८ मध्ये ट्रायॲसिटेट आधाराची सुरक्षित फिल्म आली. तिचा आधार कुजून व्हिनेगरसारखा वास येऊ लागल्याची पहिली तक्रार दहा वर्षांच्या आतच भारत सरकारकडून ईस्टमन कोडॅककडे गेली. उष्ण व दमट हवेत साठविलेल्या फिल्ममध्ये ॲसिटिक अम्ल तयार होऊन आधार आकसतो, वाकतो व ठिसूळ होतो. ही क्रिया तयार झालेल्या अम्लामुळेच आणखी वेग घेते. अशी फिल्म स्कॅनरमध्ये सपाट बसत नाही आणि काही काळाने यंत्रातून जाऊही शकत नाही. त्यामुळे अंकीकरण लांबणीवर टाकणे हाही एक निर्णयच ठरतो.

पुण्यातील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये स्थापन झाले. फिल्म संस्थेच्या आवारात ठेवलेल्या त्याच्या नायट्रेट फिल्मचा साठा ८ जानेवारी २००३ रोजीच्या आगीत जळाला. ज्या चित्रपटांच्या दुय्यम प्रती शिल्लक आहेत, त्यांच्याही मूळ फिल्मवरील तपशील आता त्या प्रतींत उतरला असेल तेवढाच उरला आहे. सत्यजित राय यांच्या अपू चित्रत्रयीच्या निगेटिव्ह १९९३ मध्ये लंडनमधील प्रयोगशाळेच्या आगीत होरपळल्या होत्या. त्या काळात निकामी समजल्या गेलेल्या या फिल्म टाकून न देता जपण्यात आल्या. वीस वर्षांनंतर बोलोन्या येथील तज्ञांनी त्यांना ओलावा देऊन, हाताने दुरुस्त करून स्कॅनरमधून जाण्याजोगे केले. जो भाग वाचला नाही त्याच्यासाठी इतरत्रच्या दुय्यम प्रतींचे वीक्षण करण्यात आले आणि २०१५ मध्ये चित्रत्रयी पुन्हा प्रदर्शित झाली. पिढी बदललेल्या प्रतीत कण व छटाभेद वाढलेले असतात. अशा भिन्न प्रतींचा मेळ घालण्यास वाव राहावा, म्हणून त्यांची मूळ नोंद शक्य तितकी असंस्कारित ठेवणे आवश्यक असते. श्याम बेनेगल यांच्या मंथन (१९७६) या चित्रपटाचे पुण्याच्या संग्रहालयातील मूळ निगेटिव्हवरून पुनरुज्जीवन करण्यात आले व ते २०२४ मध्ये कान महोत्सवात दाखविण्यात आले.

मानके व सद्यःस्थिती : अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने २००४ मध्ये अंकीकरणाची तांत्रिक मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. तिच्या आधारे तेथील संघराज्यीय संस्थांच्या गटाने २०१० मध्ये व्यापक मार्गदर्शक तत्त्वे तयार केली. त्यांच्या सुधारित आवृत्त्या २०१६ व २०२३ मध्ये निघाल्या. अमुक यंत्र वापरा असे न सांगता, यंत्राने दिलेली नोंद ज्ञात मापनपट्ट्यांवर कसोटीस उतरते किंवा नाही हे पाहण्यावर त्यांचा भर आहे.

दरम्यान यंत्रांचीच चणचण भासू लागली. कोनिका मिनोल्टा कंपनी २००६ मध्ये छायाचित्रण व्यवसायातून बाहेर पडली, निकॉनने आपले विशेष फिल्म स्कॅनर काही वर्षांनी बंद केले आणि हॅसेलब्लाडने २०१९ मध्ये फ्लेक्सटाइटचे उत्पादन थांबविले. त्यांची जागा काही अंशी समप्रकाशित पृष्ठावर फिल्म ठेवून अंकीय कॅमेऱ्याने तिचे निकटचित्र घेण्याच्या पद्धतीने घेतली आहे. यंत्र बदलले तरी विभेदन, घनता, रंग व दोष यांविषयीचे प्रश्न तेच राहिले आहेत.

दीर्घ अनुभवातून निघालेला नियम थोडक्यात असा सांगता येईल. विभेदन, उद्भासन, बिटांची संख्या व केंद्रीकरण या गोष्टी वीक्षणाच्या वेळीच काळजीपूर्वक ठरवाव्या लागतात, कारण त्यांची चूक नंतर सुधारता येत नाही. छटाभेद, रंगांचा तोल, धार व दोषनिवारण ही कामे प्रतीवर कधीही करता येतात, म्हणून ती पुढे ढकलावीत. मूळ नोंद अस्पर्श ठेवावी, उपयोगाच्या प्रती तिच्यापासून काढाव्यात आणि कोणत्या निवडी केल्या हे फाइलीबरोबर लिहून ठेवावे. अंकीकरण झाल्यानंतरही मूळ फिल्म टाकून देऊ नये. कोरड्या व थंड जागेत जपलेली फिल्म अधिक चांगल्या स्कॅनरवर पुन्हा वाचता येते. अपूच्या होरपळलेल्या निगेटिव्हनी हे सिद्ध केले आहे.